एकोणिसावं पान

थोरा: इथे बोट फिरव. नाही, तिथे नाही. खाली, पानाच्या नंबरापाशी.

एर्लेंड: कागद आहे, थोरा. आणखी काय असणार?

थोरा: पातळ झालाय. लव आल्यासारखा लागतोय. कुणीतरी खोडरबराने घासलंय. एकदा नाही, पुष्कळदा.

एर्लेंड: लायब्ररीच्या गाडीतलं पुस्तक ते. अख्ख्या बेटाचे हात लागतात. जेसीकडे तर पुस्तकावर मांजर झोपतं.

थोरा: मांजर खोडरबर वापरत नाही. वाचलेलं पुस्तक चुकून परत घरी येऊ नये म्हणून आम्ही सगळ्या म्हाताऱ्या खूण करतो. जेसीची सातव्या पानावर, टिंब. बार्बराची शेवटच्या पानावर, फुली. एकोणिसाव्या पानावर चंद्रकोर काढणारी बाई या बेटावर एकच आहे.

एर्लेंड: आणि तीच बाई शाळेत शिकवत होती तेव्हा, पुस्तकात रेघ मारली म्हणून पोरांना कोपऱ्यात उभं करायची.

थोरा: चेष्टेवारी नेऊ नकोस. आत्ता शेवटचं पान वाचलं, खूण करायला पेन्सिल टेकवली, तर कागद फाटायला आला. खिडकीशी धरून बघितलं. खाली चंद्रकोरीच चंद्रकोरी आहेत. दाबून काढलेल्या. एकीवर एक.

एर्लेंड: मग वाचलं असशील कधीतरी पूर्वी. लग्न झाल्यापासून बघतोय, सारखी वाचतेस, सगळं थोडंच लक्षात राहतं?

थोरा: पुढे साल छापलंय बघ. यंदाचं पुस्तक आहे हे.

एर्लेंड: चहा टाकू का?

थोरा: चहा नको. एर्लेंड, ऐक. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी पुस्तकं सुटली. मग ओव्हनमध्ये बूट सापडले. मग एक दिवस मला म्हणाली, ‘बाई, तुम्ही कुणाकडे आलात?’

एर्लेंड: तुझी पुस्तकं कुठे सुटलीत? आज साठावं संपवलंस. डिसेंबर पुरता उजाडलाही नाही अजून. आईचं काय घेऊन बसतेस!

थोरा: साठ कशासाठी ठरवली होती मी? सांग.

एर्लेंड: वाचायचा नाद म्हणून. दर वर्षी ठरवतेस.

थोरा: खोटं बोलू नकोस. आईला पुरून आलो, त्या संध्याकाळी याच टेबलाशी बसून तुला सांगितलं होतं. दर वर्षी साठ पुस्तकं वाचीन. ज्या वर्षी पुरी होणार नाहीत, त्या वर्षी समज की आईचं दुखणं माझ्यात आलं. मला विचारत बसू नकोस, बोटीत घाल आणि डॉक्टरकडे ने. म्हणालास, ‘नेईन.’

एर्लेंड: पुरी झाली ना पण!

थोरा: कशी झाली?

एर्लेंड: थांब, चहा टाकतोच मी.

थोरा: गुडघा धरल्यापासून गाडीवर मी जातच नाही. पुस्तकं तू आणतोस. वारा असला की कोटाच्या आत धरून आणतोस, आणि आधी गोठ्यात जातोस. मला वाटायचं गुरांकडे बघायला.

एर्लेंड: गुरांकडेही बघायचो.

थोरा: खोडरबर कुठे ठेवतोस?

एर्लेंड: पेंडीच्या डब्यामागे.

थोरा: अरे देवा.

एर्लेंड: ऐक तरी. वसंतात तू नवीन पुस्तक घेऊन बसायचीस, चार पानं पुढे, सहा पानं मागे. मग मिटून ठेवायचीस आणि खिडकीतून समुद्र बघत बसायचीस. एकदा तर रडलीस. मग चुकून मी तेच एक आणलं, आधी वाचलेलं. सरसर वाचलंस! चेहरा असा उजळला होता. आत कुठेतरी ओळखीचं लागत असेल तुला. मग खूण पुसून मुद्दाम तेच केलं. मग तशीच पाच-सात फिरवत राहिलो.

थोरा: म्हणजे साठ नाहीतच.

एर्लेंड: वाचलीस तर तूच ना सगळी!

थोरा: धूर झाला की वाजावी म्हणून मी घरात घंटा लावली. तू तिचा सेल काढून खिशात टाकलास. वर मला म्हणतोस, बघ, वाजत नाही, म्हणजे आग नाही.

एर्लेंड: मी घाबरलो होतो गं. तिथे डॉक्टर काहीतरी नाव घेणार आणि मग ते नाव घेऊनच घरी यायचं. निदान इथे तू हसत होतीस. मला तेवढंच दिसत होतं.

थोरा: मीही घाबरलेय. पण मला माझ्यापासून लपवून तू कुणाला वाचवलंस? खरं सांग. हे सगळं मी तुला आधी विचारलंय? असंच, पुस्तक हातात घेऊन?

(एर्लेंड उठून खिडकीशी जातो. बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो.)

एर्लेंड: मेरन आली, लायब्ररीची गाडी घेऊन.

थोरा: एर्लेंड.

एर्लेंड: एकदा. उन्हाळ्यात, गवत कापायच्या वेळी.

थोरा: मी काय म्हणाले?

एर्लेंड: ‘उद्या बोटीने ने.’ बॅगसुद्धा भरलीस. सकाळी उठून विचारलंस, ही बॅग कुणाची, कोण चाललंय?

थोरा: आणि तू?

एर्लेंड: बॅग रिकामी केली.

थोरा: झोपले की पुसलं जातं तर. मग उद्या नाही. आज. आत्ता. मेरनची गाडी दुपारच्या बोटीने मोठ्या बेटावर परत जाते ना? तिच्यातून जाऊ. रात्री माझ्या बहिणीकडे राहू, सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दारात.

एर्लेंड: आज वारा बघ कसला आहे! आणि गुरांना कोण बघणार?

थोरा: शेजारी डेव्ही आहे. बोट चालू आहे म्हणून तर मेरन आली. अजून सबबी आहेत?

मेरन: येऊ का बाई? एर्लेंडदादा आज गाडीवर आले नाहीत, म्हटलं मीच डोकावते. पुस्तक झालं का? झालं तर साठ झाली तुमची! शाळेत असताना मला वर्षाला दहासुद्धा व्हायची नाहीत, तुम्ही कान धरायचात.

थोरा: बस, मेरन. हे पुस्तक मी किती वेळा नेलंय?

मेरन: ते… दादा म्हणाले, बाईंना फार आवडलंय, परत हवंय. मीही पुष्कळदा वाचते आवडलेलं.

थोरा: तुझं चुकलं नाही. आता नीट ऐक. मला विसरायला होतंय, आईसारखं. आज तुझ्या गाडीतून आम्ही दोघं येणार. वाटेत मी म्हणेन, कशाला चाललोय, मला घरी सोड. रागावेन. बाईंसारखी रागावेन. ऐकायचं नाहीस.

मेरन: बाई…

थोरा: कबूल कर.

मेरन: नाही ऐकणार. कबूल.

थोरा: तुला सांगितलं, कारण याच्यावर माझा आज भरवसा नाही. उद्या असेल कदाचित. उद्या मला आठवणारच नाही काय झालं ते. आता तुझ्या खिशातलं पेन दे. शाईचं.

मेरन: बाई, लायब्ररीचं पुस्तक आहे!

थोरा: दंड लाव. झाली चंद्रकोर. आता घास म्हणावं किती घासायचं ते.

एर्लेंड: नाही घासणार.

थोरा: कोट दे माझा. तो नाही, जाड. आणि काठी.

मेरन: मी गाडी दाराशी लावते. सावकाश या, पायरी ओली आहे.

एर्लेंड: थोरा, माझ्यावर रागावलीयस?

थोरा: खूप. हात धर, गुडघा वळत नाहीये… एक सांग मला. मागे वाचलं तेव्हा आवडलं होतं का मला हे पुस्तक?

एर्लेंड: दर वेळी. म्हातारा एकटाच होडी पाण्यात ढकलतो ते पान आलं की मला थांबवून मोठ्याने वाचून दाखवायचीस.

थोरा: या वेळीही दाखवलं?

एर्लेंड: आज सकाळीच. माझा चहा गार होईपर्यंत.