कंठ दाटला म्हणे

...पण माझा कंठ दाटलाच नव्हता हो, चिरकला होता! दाटणं वेगळं, चिरकणं वेगळं, पण मला विचारतंय कोण? तुम्हाला सांगते, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उपांत्य फेरीला मी गात होते, डोळे मिटलेले, सूर वर चढलेला, आणि पहिल्या रांगेतून आमची चार वर्षांची कन्या, तिला जी कुजबूज वाटते आणि बाकीच्यांना आरोळी, त्या आवाजात म्हणाली, 'आई, शू.' बसली होती ती बाबाच्याच मांडीवर, पण असलं काही त्याला ऐकू जातच नाही, जन्मजात सोय आहे ती. माझ्या डोळ्यांपुढे ती मखमली खुर्ची, त्याची एकुलती एक बरी पँट, सगळं एकदम आलं आणि 'परत ये'मधल्या 'ये'वर आवाजाचे सरळ दोन तुकडे झाले.

परीक्षकांनी चष्मा काढला. 'ताई, कंठ दाटला तुमचा. ही जखम आहे. किती जुनी?' मी म्हटलं, 'चार वर्षं.' खोटं नव्हतं ते. अख्खं सभागृह उभं राहिलं, आणि पोरीला उचलून बाथरूमकडे पळायचं सोडून मी काय केलं? मान हलवली.

तिसरी आले. मग अल्बम. सोल-पॉप. संगीतकार म्हणाले, 'ताई, आत्मा पाहिजे, पण गाडी चालवताना ऐकता आला पाहिजे.' हातात गाण्यांचे कागद दिले, शब्दांवर लाल चांदण्या. चांदणी आली की चिरकायचं. नऊ गाणी, एकवीस चांदण्या. एका ठिकाणी म्हटलं, 'अहो, इथे नुसतं "खिडकी लाव" आहे, यात कसलं दुःख?' तर म्हणाले, 'पण ती उघडी ठेवून गेलं कोण?' झालं, मान हलवली.

आणि मुद्दाम चिरकायला गेलं तर चिरकेना! बारा वर्षं गाण्याच्या बाईंनी सूर सरळ लावायला शिकवलेलं. संगीतकार म्हणाले, 'त्या दिवशी मनात काय होतं?' अगदी जिभेवर आलं होतं, तर त्यांनी हात वर केला. 'नका सांगू. फक्त तोच विचार करा.' तर तुम्हाला सांगते, काचेच्या त्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, नऊच्या नऊ गाणी मी तोच विचार केला.

अल्बम आला. सासूबाईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला नि म्हणाल्या, 'आमच्याकडे तुला काय कमी पडलं ग?' नवऱ्याकडे शेजारी हल्ली रोखून बघतात. गाण्याच्या बाईंना मोठ्या आशेने पाठवला, त्यांनी एवढंच कळवलं, 'घशाच्या डॉक्टरला दाखवलंस का?' ते मात्र लागलं. कारण भांडी घासताना मी माझ्यापुरतं गुणगुणायची ना, सरळ, साधं, कुणालाही न ऐकवायचं, तेही आता वरच्या सुराजवळ गेलं की आपोआप चिरकतं. कुणी चांदणी काढलेली नसते. माझा आवाज मीच देऊन टाकला, नुसती मान हलवून.

तरी म्हटलं, माझं गेलं ते गेलं. पण काल बालवाडीच्या बाईंनी बोलावलं. 'तुमची मुलगी आकडे म्हणते ना, तेव्हा सातवर थांबते, डोळे मिटते आणि आवाज असा काही फोडते की आता सगळा वर्गच सातवर रडतो. घरी... सगळं ठीक आहे ना?'

मी ठरवलं, आता मान हलवायची नाही. पोरीचा आवाज तरी वाचला पाहिजे. सगळं पहिल्यापासून सांगायचं. ताठ बसले, पोटातून श्वास घेतला, म्हटलं, 'बाई, घरी सगळं ठीक आहे, त्याचं काय झालं...' नेमका 'ठीक'वर आवाज चिरकला.

बाईंनी उठून दार लोटलं. पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. 'बोलू नका, त्रास होतोय तुम्हाला. उद्या मी त्यांनाच बोलावून घेते.'

नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. त्याला म्हटलं, समजावत बसू नकोस. सरळ माफी मागून ये.