डाव्या गुडघ्याची नोंद

जबाब देणारी: संघात व वसाहतीत सगळे जिला 'चोळमावशी' म्हणतात ती. वय ५७ वर्षे. धंदा नोकरी, कंपनीच्या महिला व्हॉलीबॉल संघाची मालीशवाली. राहणार कंपनीची वसाहत, चौथी इमारत, तळमजला, पाण्याच्या टाकीसमोर.

मी आज दिनांक २३ रोजी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे यजमान असे दोघे राहतो. यजमान निवृत्त बसचालक आहेत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. या नोकरीत मला एकतीस वर्षे झाली, निवृत्तीला अकरा महिने बाकी आहेत. ठाण्याची पायरी मी आज पहिल्यांदाच चढले.

माझे काम असे की, सामन्याच्या दोन तास आधी मी मालीशखोली उघडते, बर्फाची पेटी भरते, टेबलावर धुतलेली चादर घालते आणि एकेकीला टेबलावर घेते. कोणाचे काय दुखते आणि मी काय केले हे उपचार वहीत लिहिण्याचे कामही माझेच. वहीला रकाने पाच : तारीख, खेळाडू, भाग, उपचार, शेरा. मला येथे दाखवलेली वही तीच आहे, अक्षर माझे आहे. तिच्यातली सात पाने फाटलेली आहेत. ती कशी फाटली ते पुढे सांगते.

आमच्या खोलीची एक रीत आहे. टेबलावर बोललेले खोलीबाहेर न्यायचे नाही. पाठ चोळताना माणूस काय काय बोलून जातो. मी ते सगळे बाहेर नेले असते तर वसाहतीतली निम्मी लग्ने मोडली असती. ही रीत मी आज मोडत आहे. पण आधी ती दुसऱ्याने मोडली, हे लिहून घ्यावे.

जिच्याविरुद्ध वही फाडल्याची व संघ व्यवस्थापक बाईंना ढकलल्याची तक्रार आहे ती मुलगी संघात मधल्या जागेवर खेळते. उंच आहे, जाळ्याशी हात वर करून उभी राहिली की चेंडू अलीकडे येत नाही, म्हणून तिला सगळे 'भिंत' म्हणतात. वय सव्वीस. खेळाडूंसाठी राखीव जागेवर कंपनीत लागून आठ वर्षे झाली. घरी फक्त आई. तिची थोरली बहीण कंपनीच्या पॅकिंग विभागात होती. चार वर्षांपूर्वी कामाच्या पाळ्यांच्या वेळा बदलल्या म्हणून बायका फाटकाशी बसल्या होत्या, त्यांच्यातून तिला पोलिसांनी चौकशीसाठी नेले आणि तिसऱ्या दिवशी घरी प्रेत आणून दिले. जिन्यावरून पडली असे सांगितले. त्या मृत्यूची चौकशी अजून चालू आहे.

तेव्हापासून सामन्याआधी राष्ट्रगीत लागले की भिंत बाकावर बसून राहते. मान खाली, हात मांडीवर. कोणाशी बोलत नाही, हसत नाही. मला तिने टेबलावर सांगितले होते, "मावशी, ज्या दिवशी ताईची चौकशी पुरी होईल ना, त्या दिवशी सगळ्यांत आधी मी उभी राहीन. शपथ."

माझे स्वतःचे मत विचारले म्हणून सांगते. मी उभी राहते. खांद्यावरचा टॉवेल काढून ठेवते आणि उभी राहते. शेवटची ओळ मी अजून मोठ्याने म्हणते. भिंतीने बसावे हे मला कधीच पटले नाही, आणि मी तसे तिला तोंडावर सांगितले. ती म्हणाली, "तू उभी राहा ना मावशी, मी कुठं तुला खाली ओढते?"

तीन वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही. यंदा सामने टीव्हीवर दाखवायला लागले आणि कोणीतरी तिचा बसलेला फोटो फोनवर फिरवला. मागील महिन्याच्या ३ तारखेला फलकावर परिपत्रक लागले. राष्ट्रगीताला संघातील प्रत्येकीने उभे राहणे सक्तीचे आहे, न राहिल्यास नोकरीतून कमी करण्यात येईल, आजारपणामुळे सूट हवी असल्यास सामन्याआधी उपचार वहीत नोंद पाहिजे, असे त्यात होते. नोकरी देणारा वेळेवर ये म्हणू शकतो, चेंडू नीट मार म्हणू शकतो. मनातून मान दे, असे फलकावर लावून सांगता येते का, ते मला कळत नाही. मला एवढे कळते की, ज्या अकरा मुली आधी आपसूक उभ्या राहायच्या, त्यांच्याही पोटऱ्या त्यानंतर मला सामन्याआधी ताठ लागायला लागल्या. कॅमेरा आपल्याकडे असतो का, असे त्या एकमेकींना विचारायच्या.

त्याच महिन्याच्या ६ तारखेला दुपारी साडेतीनच्या सुमारास संघ व्यवस्थापक बाई मालीशखोलीत आल्या. त्या पूर्वी आमच्याच कर्णधार होत्या, म्हणून आम्ही अजून त्यांना कॅप्टन म्हणतो. एकविसाव्या वर्षी त्यांची उजवी पोटरी फाटली होती आणि डॉक्टरांनी खेळ संपला म्हणून सांगितले होते. मी पाच महिने रोज सकाळी त्यांना हाताला धरून चालवले. त्यानंतर त्या नऊ वर्षे खेळल्या. हे उपकार म्हणून सांगत नाही, आमची ओळख किती जुनी ते कळावे म्हणून सांगते.

कॅप्टननी दार लावून घेतले, चपला काढल्या आणि टेबलावर पालथ्या झाल्या. म्हणाल्या, "मावशी, वरून रोज फोन येतोय. ती उभी राहिली नाही तर तिला काढावं लागेल, आणि सही मलाच करावी लागेल. तुझ्या वहीत दोन ओळी लिही. गुडघा म्हण, कंबर म्हण. पोरगी वाचेल, संघ वाचेल."

मी म्हणाले, "तिला विचारलंस का?"

"तिला कळलं तर ती नाहीच म्हणणार. तू तिचा स्वभाव जाणतेस. तू लिही, पुढचं बघायला मी आहे."

त्या 'मी आहे' म्हणाल्या म्हणून मी वही उघडली. तेव्हापासून सात सामन्यांना मी लिहिले : "डावा गुडघा, सूज. बर्फ, पट्टी. पाच मिनिटे उभे राहू नये." सातही नोंदी खोट्या आहेत. भिंतीचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत.

यात माझी आणखी एक चूक झाली. वहीत लिहिलेला उपचार मी केला नाही, असे एकतीस वर्षांत एकदाही झालेले नाही. पट्टी लिहिली की पट्टी बांधायची, हाताला तशी सवय आहे. म्हणून मी सातही वेळा तिच्या धडधाकट गुडघ्यावर पट्टी बांधली. "ही कशाला गं?" तिने विचारले. मी म्हणाले, "दिवसभर उड्या मारतेस, जपलेला बरा." ती म्हणाली, "बांध बाई, तुझी हौस." नुसते लिहिले असते तर कदाचित कोणी विश्वास ठेवला नसता. पट्टी मात्र फोटोत स्वच्छ दिसते.

त्या दिवसांत भिंत खुशीत होती. आपले बसणे कंपनीने चालवून घेतले असे तिला वाटत होते. एकदा टेबलावर म्हणाली, "परिपत्रक काढलं, पण मला हात लावला नाही बघ. माणसं वाईट नसतात गं मावशी, घाबरलेली असतात. मी आईलाही सांगितलं, ताईचं कुणीतरी ऐकून घेतंय." मी तिची मान चोळत होते. तेव्हा मी बोलायला हवे होते, बोलले नाही.

चालू महिन्याच्या १९ तारखेला उपांत्य सामना आम्ही जिंकलो. सायंकाळी सहाच्या सुमारास कोर्टाच्या कडेला एका वार्ताहर बाईने भिंतीला ती का बसते असे विचारले. तिने बहिणीचे पूर्ण नाव सांगितले, साल सांगितले, आणि चौकशी पुरी होईपर्यंत बसणार असे सांगितले. आवाज चढवला नाही. शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टननी तिच्या खांद्यावर हात ठेवला व मध्येच म्हणाल्या, "भावनेच्या भरात बोलतेय ती. डावा गुडघा दुखतो तिचा, म्हणून बसते. आमच्याकडे नोंद आहे." भिंत हसली. तिला ती चेष्टा वाटली. मी चार पावलांवर रिकाम्या बाटल्या गोळा करत होते. कॅप्टननी मला हाक मारली, "मावशी, वही आण गं जरा." मी खोलीत गेले आणि वही आणून दिली. मला कोणी ढकलले नव्हते. मी माझ्या पायांनी गेले आणि माझ्या हातांनी दिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. पट्टी बांधलेल्या गुडघ्याचा फोटो होता, त्याखाली वहीच्या पानाचा, आणि मथळा होता : "बसण्यामागे गुडघेदुखी, संघाचा खुलासा." बहिणीचे नाव कुठेच नव्हते. मी बातमी दोनदा वाचली.

२० तारखेला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी भिंत मालीशखोलीत आली. मी बर्फ भरत होते, कॅप्टन दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. भिंतीने टेबलाच्या पलीकडे जाऊन वही उचलली आणि उभ्यानेच सातही नोंदी वाचल्या. मग मला विचारले, "हे तुम्ही लिहिलंत?" आठ वर्षांत ती मला कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हती. मी हो म्हणाले. ती म्हणाली, "आईनं पेपर वाचला सकाळी. मला म्हणते, एवढा दुखत होता तर मला सांगितलं का नाहीस? तेल लावून दिलं असतं. आता तिला काय सांगू मी?"

नंतर तिने सात पाने एकेक करून फाडली. घाई केली नाही. कॅप्टन वही हिसकावायला उठल्या. फरशीवर बर्फाचे पाणी सांडले होते, त्यावरून त्यांचा पाय घसरला आणि त्यांचे कोपर पेटीच्या कडेवर आपटले. त्या वेळी दोघींच्या मध्ये मालीशचे टेबल होते व भिंतीचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. तिने त्यांना ढकलले नाही. उलट तिनेच फडक्यात बर्फ बांधून त्यांच्या कोपराला धरला. मग पानांची घडी खिशात घालून निघून गेली.

२१ तारखेला सायंकाळी सातच्या सुमारास कॅप्टन माझ्या घरी आल्या. सोबत टाइप केलेला कागद होता. "सदर खेळाडूने दबाव आणून माझ्याकडून खोट्या नोंदी करून घेतल्या व नंतर व्यवस्थापकांना ढकलून दिले" असा त्यात मजकूर आहे. म्हणाल्या, "मावशी, तिची नोकरी गेल्यातच जमा आहे. अकरा महिन्यांसाठी तू तुझी का घालवतेस?"

मी म्हणाले, "लिही म्हणून तूच म्हणाली होतीस ना?"

"मी? मी कधी म्हणाले? कुणी ऐकलं?"

त्या दिवशी आत आल्याबरोबर त्यांनी दार का लावले होते ते मला तेव्हा कळले. यजमानांना मध्ये बोलायची सवय आहे. ते म्हणाले, "कॅप्टन, हिनं तुमचा पाय सरळ केला. तोच पाय आज हिच्या मानेवर ठेवलात होय?" कॅप्टन चहा न घेता गेल्या.

केसाने गळा कापणे म्हणतात ते मी आजवर नुसते ऐकले होते. मला वाईट वाटते आणि रागही येतो. पण मला फसवले म्हणून रडायला मी मोकळी नाही, कारण भिंतीला फसवणारा हात माझाच आहे. तिने मला कधीही काहीही लिहायला सांगितले नाही. नोंदींबद्दल जी शिक्षा असेल ती मला व्हावी. टाइप केलेला तो कागद सही न करता हजर करत आहे.

आता ती बहिणीसाठी बसत होती की गुडघ्यासाठी, असा प्रश्न झाला आहे, म्हणून पुढचे सांगते. तिच्या बहिणीला शेवटची अंघोळ मी घातली. आईच्याने होईना, म्हणून शेजारच्या बायकांनी मला बोलावले. अंगाला हात लावून दुखणे ओळखणे हे माझे काम आहे. पडल्याने काय होते आणि मारल्याने काय होते, यांतला फरक माझ्या हातांना कळतो. तिच्या पाठीवर व तळपायांवर मी काय पाहिले, ते चार वर्षांत कोणालाही सांगितले नाही, भिंतीलाही नाही. घर कंपनीचे, नोकरी कंपनीची, म्हणून गप्प राहिले. ते आज मी येथे चार वाक्यांत सांगितले. ठाणे अंमलदारांनी ती चार वाक्ये या तक्रारीशी संबंधित नाहीत, असे सांगून लिहून घेतली नाहीत. लिहून घेतली नाहीत एवढे तरी लिहावे, त्याशिवाय सही करणार नाही, असे मी म्हटल्यामुळे हे वाक्य लिहिले आहे.

जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. "खेळाडूच्या सांगण्यावरून नोंदी केल्या" असे एका ठिकाणी आले होते, ते खोडून "व्यवस्थापक बाईंच्या सांगण्यावरून" असे केले व बाजूला माझी सही घेतली. जेवढे लिहिले आहे तेवढे माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मी सांगितले ते सगळे यात लिहिलेले नाही.