आत्याचा साठावा आणि माझं सरप्राईज

नगरहून केक घेऊन आम्ही कोपरगावला पोचलो आणि आत्याच्या दाराला कुलूप. म्हणजे बघा, आत्याचा साठावा वाढदिवस, आणि अमेरिकन सीरिज बघून सरप्राईज पार्टीचं खूळ माझ्याच डोक्यात शिरलेलं. दिवसभर तिला शुभेच्छा द्यायच्या नाहीत, तिचा फोनसुद्धा उचलायचा नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावलं होतं. दुपारपर्यंत तिचे अकरा फोन येऊन गेले. बाबा म्हणाले, "आपल्यात बहिणीला ओवाळतात, छळत नाहीत." मी त्यांच्या हातातून मोबाईलच काढून घेतला.

शेजारच्या काकू बाहेर आल्या. "ती दुपारीच गेली की. लई घाबरल्यावानी दिसत हुती."

मी ओट्यावर बसून फोन लावत सुटले. आत्या उचलेना. बाबा शेजारीच उभे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. कितव्यांदा कोण जाणे, शेवटी तिने उचलला.

"तुमच्या दारात बसलीय मी, नगरला," आत्या म्हणाली. "घरात कुनी न्हाई, फोन कुनी उचलंना. कोन गेलं गं? खरं सांग मला."