दानाले पात्र पायजे

लिहा मास्तर, पन मन्ही बोली तुम्हाले कळंल तितकीच लिहा, बाकीची सोडून द्या. मी सुपडू, जातीचा भोई, इथलाच, नंदुरबारचा. मन्हा आजा डोलीले खांदा द्यायचा, सायबाची डोली, बाळंतिनीची डोली, कोनाची बी, त्याच्या खांद्यावर असा कडक घट्टा पडेल व्हता, लहानपनी मी त्याच्यावर बसू तर मले टोचायचा. मंग आगगाडी उनी, डोल्या गेल्या, मन्हा बाप तापीत मासे मारू लागला, अन् मी म्हनलं, मान्सं वाहायचीच शे ना आपल्या नशिबात, तर चाकावर वाहू. टेसनावर उतरलेलं मानूस तापीच्या काठावर नेऊन सोडायचं, पलीकडं प्रकाश्याले, शहाद्याले जायचं त्यानं होडी धरायची, असा आमचा टांग्याचा धंदा. काय सांगू तुम्हाले, तो रस्ता मले झोपेत बी दिसायचा.

आता टांगा मन्हा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नही तं तुम्ही उगीच शेठले नावं ठेवशान. घोडी मन्ही, पारबतीचे, म्हंजे मन्ह्या बायकोचे, चांदीचे गोट इकून घेतलेली, चिमनी तिचं नाव. टांगा कापसाच्या शेठनं करून दिलेला. बोली अशी का दर महिन्याले पैसे देत जायचं, सगळे फिटले का टांगा तुन्हा, तवर शेठचा. पन मी कोनाले सांगू का शेठचा म्हनून? मी मन्हाच म्हनायचो. पारबतीनं जुन्या लाल लुगड्याची गादी शिवली, आत रुई भरली, अन् टांग्यात टाकली, उतारू म्हनायचे, सुपडू, तुन्ह्या टांग्यात हाडं दुखत नही रे.

मंग मोटार सुरू झाली, टेसनापासून थेट काठापर्यंत. तिचा धुरळा आमच्या नाकातोंडात. त्यात चिमनीच्या खुरात खिळा गेला, पाय सुजला, किती दिवस ती उभीच, अन् शेठचे पैसे ऱ्हायले ते ऱ्हायलेच. शेठ काही ओरडला नही, म्हने बरं बरं, पुढल्या महिन्यात दे. पुढल्या महिन्यात बी कुठून देऊ? चिमनी बरी झाली, एक म्हातारी अन् तिची सून अशी सवारी बसवून मी टेसनावरून निघालो तर मुनीम समोर उभा. तो म्हने, आजी, खाली उतरा, हा टांगा शेठचा शे. म्हातारी म्हने, मंग मी भाडं कोनाले देऊ, याले का तुम्हाले? सगळं टेसन हसलं. मुनीमानं स्वतःच्या हातानं चिमनीले सोडली, दोरी मन्ह्या हातात दिली, तिचे घुंगरू दिले, चाऱ्याचं पोतं दिलं, जे मन्हं ते सगळं दिलं. गादी तेवढी आत ऱ्हायली. चार मान्सांत गादी काय मागायची, मी नही मागितली.

टांगा शेठनं इकला नही, त्याले तो आवडला. आपला घोडा जोडून रोज मंदिरात, तिथून आपल्या कापसाच्या जिनात जायचा. मी टेसनावर हमाली धरली. चिमनी घरी बांधून ठेवलेली. पारबती म्हने, इकून टाका तिले, नुसती खाते. मी म्हनू, थांब, टांगा येईल. कुठून येईल ते मले बी ठाऊक नव्हतं. शेठ रस्त्यात भेटला का टांगा उभा करी अन् इचारी, काय रे सुपडू, घोडी बरी शे ना? बरी शे शेठ, मी म्हनू, अन् आतल्या लाल गादीकडं पाहू.

मंग शेठ वारला. आता त्यांच्यात, अन् आपल्यात बी, तेराव्याले दान देतस, मेलेला मानूस जे वापरायचा ते द्यायचं, म्हंजे ते त्याले वर भेटतं. पलंग, छत्री, जोडे, भांडी. गावात बोलनं उठलं का शेठ टांग्यात बसायचा म्हनून नानाशेठ, म्हंजे शेठचा पोरगा, टांगा बी दानात देनार शे. टांगा फुकट चालला, अन् घोडी बांधून त्याची वाट पाहनारा मी. तडक शेठच्या दारात गेलो. मुनीमाच्या हातात पत्रावळींचा गठ्ठा, त्याले कुठं वेळ, तो म्हने, अरे, दानाले पात्र पायजे, तू पात्र कुठं शे? अन् गेला आत.

पात्र म्हंजे भांडं, हे मले ठाऊक व्हतं. पूजेत भटजी तांब्याले पात्रच म्हनतस. पळतच घरी आलो. पारबतीच्या माहेरची पितळी घागर व्हती, भरलेली, मी पानी ओतून दिलं. पारबती म्हने, टांगा काय घागरीत घालून देनार शे का ते? मी म्हनलं, तुले काय कळतं, बड्या लोकांचा रिवाज असंल. तिनं राखेनं घासली, अशी लखलख केली, कुंकू लावलं, मन्ह्या डोक्यावर धुतलेला रुमाल बांधला. काय सांगू तुम्हाले मास्तर, तिले बी वाटलं व्हतं का टांगा येईल.

शेठच्या दारातल्या मांडवात भटजी म्हने, काय आनलं बाबा? मी म्हनलं, पात्र. आधी कोनाले कळलं नही, अन् कळलं तवा लाडू खानारे लोक अशे हसले का एकाले ठसका लागला. घागर कुठं लपवू ते मले समजेना. नानाशेठ तेवढा नही हसला. त्यानं मले बाजूले घेतलं, समजावून सांगितलं का पात्र म्हंजे दान घ्यायची लायकी, हे दान ब्राह्मनच घेतो. मी म्हनलं, नानाशेठ, मन्ही घोडी उपाशी शे, घरात चूल कधी पेटते कधी नही, याच्यावर अजून काय लायकी पायजे? त्याचे डोळे भरले. तो म्हने, सुपडू, तुले दिला तं तो तुलेच भेटंल रे, मन्ह्या बापाले पोचनार नही.

तापीच्या अलीकडच्या काठचा एक म्हातारा ब्राह्मन आनलेला, त्याची मान हलायची, त्याले टांगा दिला. त्याच्याजवळ घोडा कुठला? शेठचा घोडा जावई घेऊन गेलेला. नानाशेठ म्हने, सुपडू, तुन्ही घोडी आन, पोचवून दे यांले. पारबती म्हने, जाऊ नका, लाज नही का तुम्हाले? मी गेलो. मले चिमनीले एकडाव जोडायची व्हती, दुसरं काही नही. मास्तर, ती मागं मागं सरकत आपल्याआप दांड्यांमधी जाऊन उभी ऱ्हायली. आत लाल गादी तशीच. म्हातारा दोन्ही हातांनी दांडी धरून बसला, त्याले भेव वाटायचं. वाटेत मी म्हनलं, महाराज, तुम्हाले याचा काय उपेग, मले भाड्यानं द्या. तो म्हने, बाबा, दिला असता रे, पन नानाशेठनं मन्ह्याकडून वचन घेतलं, हा टांगा दुसऱ्याले द्यायचा नही, नही तं बापाले पोचत नही. गरीब व्हता तो बी. त्याच्या दारात टांगा सोडला, चिमनीले घेऊन पायी परत आलो. गादी तवा बी नही मागितली.

पुढं तिकडं जानाऱ्यांनी सांगितलं, टांगा उन्हापावसात उभा शे, चाकं मातीत गेली, त्या ब्राह्मनाची बायको त्याच्यावर शेवया वाळवते. चिमनी पुढल्याच उन्हाळ्यात मेली. चारा कमी पडला, दुखनं काही नही. पारबतीनं घुंगरू खुंटीले टांगले ते तिथंच शेत, पाहा.

आता लढाईच्या पायी पेट्रोल भेटत नही, मोटारी बसून ऱ्हायल्या, टेसनावर टांगेवाल्यांले पुन्हा चांगले दिवस आले. त्यांच्या टांग्यांत मी ओझी चढवतो. या पाठीनं आता ते बी व्हत नही.

परवा नानाशेठ भेटला. खुश व्हता. म्हने, सुपडू, बाप स्वप्नात उना, टांग्यात बसेल व्हता, लाल गादीवर. मी म्हनलं, चांगलं झालं शेठ, पोचला म्हनायचा. घरी आलो अन् इथं ओट्यावर बसून इचार केला. टांगा वर पोचला, शेठ बसेल शे, चिमनी बी तिकडंच गेली. हाकनारा तेवढा बाकी शे. जाईन आता मी बी, किती दिवस ऱ्हायले? शेठ म्हनंल, चल सुपडू, जोड. जोडीन, नही कसं म्हनू? तिथं बी टांगा शेठचाच.