शुक्रवारचं गुलाबी पत्र

...आणि वर पालक मलाच म्हणतात, "शाळा आम्हाला काही कळवतच नाही!" कळवत नाही? अहो, तुम्हाला सांगते, चौदा वर्षं त्या ऑफिसच्या खिडकीत बसून मी दुसरं केलंय काय? उवा झाल्या, कळवलं. नळाला पाणी नाही, कळवलं. पहिलीतल्या एका पठ्ठ्याने नाकात खोडरबर घातलं, तेही लगोलग फोन करून कळवलं, तर त्याची आई विचारते, "कुठल्या नाकपुडीत?" आता मी काय नाकपुडीवार नोंद ठेवते?

तर झालं काय, आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या. त्या शिबिराहून आल्या की मला धडकीच भरते. आल्या त्या एकदम मऊ आवाजात, "आपण ना, दर शुक्रवारी घरोघरी पत्र पाठवू या. मूल आनंदात आहे का, मनातलं बोलतं का, अडचण आली तर शाळेत कुणाला भेटायचं, धाकट्या भावंडांचे प्रवेश कधी... सगळं कसं प्रेमाने कळवू या!" आमच्याकडे 'आपण करू या' म्हणजे मी करायचं, हे काही वेगळं सांगायला नको.

पण मी जीव ओतला हो त्यात! समुपदेशक बाई मंगळवारी नि गुरुवारी भेटतील, सकाळी उपाशी येणाऱ्याला शाळेत नाश्ता मिळेल, नि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात, 'आपलं मूल आनंदात आहे ना?' आता कागद. कपाटात गुलाबी कागदाचे तीन गठ्ठे धूळ खात पडलेले. शाळा सोडल्याचे दाखले छापायला आणले होते, त्यातले उरले. म्हटलं, घरात असताना बाहेरून कशाला आणा, आणि गुलाबी रंग कसा प्रसन्न वाटतो! आता यात माझं काय चुकलं, सांगा!

पहिल्या शुक्रवारी दोनशे बारा पत्रं दप्तरांत गेली. खाली सही करून परत पाठवायची चिठ्ठी होती. परत किती आल्या? नऊ! त्यातल्या एकीवर एका बाबांनी नुसतं लिहिलेलं, 'छान.' काय छान? अक्षर छान, शाळा छान, का मी छान?

बरं, तेवढ्यावर थांबलं नाही. दर शुक्रवारी पोरांची पोटं दुखायला लागली. दुपारचे अडीच वाजले की माझ्या ऑफिसबाहेरचं बाकडं गच्च! याचं पोट, तिचं डोकं, एक तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "माझे केस दुखतायत." समुपदेशक बाईंनी हात टेकले. "काही कळत नाही हो, बाकीचे चार दिवस टुणटुणीत असतात." मी म्हटलं, "थांबा, मी पत्रात एक ओळ वाढवते." वाढवली!

आता त्या बाकड्यावर दर शुक्रवारी न चुकता एक दुसरीतली मुलगी. तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण दिवसभर चिवचिव. ती चिमणी गप्प! डबा भरलेलाच घरी जायचा. आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला, न्यायला-आणायला आजोबा, त्यांचा गुडघा नुकताच फाडून शिवलेला. आई मागे खिडकीशी येऊन म्हणाली होती, "मॅडम, धाकट्याला इथेच घ्या हो. तो पुलापलीकडच्या शाळेत गेला तर आजोबांना दोन टोकं जमायची नाहीत, मला काम सोडावं लागेल." मी म्हटलं, "ताई, काळजी करू नका. जागा थोड्या आहेत, पण थोरली इथे आहे म्हणजे धाकट्याला आधी. फक्त फॉर्म मुदतीत द्या, तारीख पत्रातून कळवते." कळवली की! फॉर्म पत्रालाच टाचून पाठवला. एकदा नाही, तीनदा! आणि शेवटचा शुक्रवार उजाडला तरी यांच्या फॉर्मचा पत्ता नाही. मला असा राग आला म्हणता! म्हटलं, एवढी काकुळतीला आलेली बाई, आणि एक सही करायला सवड नाही? आता यात माझं काय चुकलं, सांगा!

त्या दिवशी तीन वाजता चिमणी आली ती लंगडत. म्हटलं, "काय गं, पायाला काय झालं?" मीच बूट काढला, तर आत घड्या घालून कोंबलेलं काय? माझं गुलाबी पत्र! दुसऱ्या बुटात? दुसरं! आणि ती जी हुंदके देत सुटली, "ऑफिसकाकू, मला नका ना काढू शाळेतून... मी वर्गात बोलत नाही आता... तुम्ही तिसरीतल्या दादाला खिडकीतून गुलाबी कागद दिला... तो परत आलाच नाही!"

अहो, त्याच्या वडिलांची बदली झाली होती! मी दाखला दिला होता! पण पोरांनी काय पाहिलं? गुलाबी कागद मिळाला की शाळेतून गच्छंती. अख्ख्या शाळेला हे ठाऊक होतं, आम्हा मोठ्या शहाण्यांना सोडून! सहा शुक्रवार ती लेकरं माझी पत्रं लपवत होती, आणि मी लिहीत होते, 'आपलं मूल आनंदात आहे ना?' मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू... चिमणीला मांडीवर घेतलं, तिच्याबरोबर मीही थोडी रडले.

आणि मग एकदम आठवलं, फॉर्म! धुलाईखात्यात फोन लावला. पलीकडे यंत्रांचा हा धडधडाट! "कसला फॉर्म?... कोणती तारीख?... आज?" मी ओरडले, "ताई, आजच! तुमची सही लागेल, असाल तशा निघा!" घड्याळात साडेतीन. तिथून यायला निदान चाळीस मिनिटं. चारला शाळा सुटते. नि मुदत? 'शेवटची घंटा होईपर्यंत.' लिहिलंय कुणी? मीच!

पण त्या दिवशी शिपाई रजेवर. म्हणजे घंटा द्यायची कुणी? मीच!

तुम्हाला सांगते, मी तो घंटेचा हातोडा उचलला, खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून बसले. चार वाजून पाच मिनिटांनी गणिताचे सर डोकावले. "घंटा?" म्हटलं, "ऐकू आली?" "नाही." "मग सुटली नाही शाळा, जा वर्गात." बाहेर फाटकाशी पालकांचा गलका, "अहो, चालवलंय काय?" शेवटी मोठ्या बाई आल्या. माझ्याकडे पाहिलं, चिमणीकडे पाहिलं, माझ्या मुठीकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "हे पुढे गेलंय वाटतं," आणि मुकाट्याने परत गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या शिबिरांना नावं ठेवत नाही. कमी ठेवते.

चार चौदाला आई आली. अंगावर कामाचा ओला एप्रन, धाप लागलेली. सही झाली, मी शिक्का मारला आणि पळत जाऊन अशी घंटा बडवली की कबुतरं उडाली! परत येऊन बघते तर चिमणी बाकड्यावर बसून डबा खातेय. भरल्या तोंडाने आईला सांगतेय, वर्गात कोण, कुणाशी, का भांडलं. सगळं. सहा आठवड्यांचं!

सोमवारी मोठ्या बाई नि मी वर्गावर्गात जाऊन मुलांची समजूत काढून आलो. पत्रं आता पांढरी जातात. पालक अजून मला ऐकवतात, "चौदा मिनिटं पोरं डांबलीत, आधी कळवलं का?" ऐकून घेते.

आणि तो धाकटा! ज्याच्यासाठी मी अख्खी शाळा वेठीला धरली, तो राजा रोज दहाच्या ठोक्याला वर्गातून उठून माझ्या ऑफिसात येतो, दप्तर टेबलावर आपटतो आणि म्हणतो, "मला नाही आवडत तुमची शाळा." नियमाप्रमाणे घरी कळवायला हवं. कळवलं. आजोबा फोनवर काय म्हणाले माहितेय? "बाई, घरी तरी कुठे ऐकतो तो? एवढ्या हौसेनं घेतलात ना, मग असू द्या आता तुमच्यापाशीच."

असू दिलाय. शेजारीच खुर्ची टाकलीय त्याला.