वेवजीचा झंपर

जंपर मागताना जरा जपून मागा, बरं का. नोटबंदीच्या आधीचा उन्हाळा. बोर्डीच्या एका शाळेत बायकोचा इंटरव्ह्यू होता, म्हणून आम्ही तलासरीहून गाडीने निघालो. वेवजीला पाण्याची बाटली घ्यायला थांबलो आणि गाडी परत चालूच होईना. बॅटरी पार बसलेली.

समोर एका घराच्या अंगणात ट्रॅक्टर दिसला. म्हटलं, त्याच्या बॅटरीला जंपरची वायर जोडली की काम होईल. ओट्यावर एक मावशी मिरच्या निवडत होत्या.

"मावशी, मोठी अडचण झालीये. जंपर मिळेल का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीत बसलेल्या बायकोकडे. "थांबा," म्हणाल्या आणि आतून घडी केलेला निळा ब्लाउज घेऊन आल्या. "सुनेचा झंपर आहे. बाईंना बसेल. त्यांना आत पाठवा, बदलू दे."

जुन्या बायका ब्लाउजला झंपर म्हणतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मावशींना वाटलं, हिचा फाटलाय. आतून त्यांचा मुलगा हसत आला. "आई, त्यांना बॅटरीची वायर पाहिजे." त्याने ट्रॅक्टर जवळ आणला, वायर लावली, गाडी चालू झाली.

मी झंपर परत करायला लागलो. मावशी म्हणाल्या, "असू द्या. रस्ता लांब आहे."

बायकोला नोकरी लागली. पेढे द्यायला वेवजीला गेलो, तेव्हा तिने मुद्दाम तोच झंपर घातला होता. मावशींनी तिला नीट न्याहाळलं आणि मुलाला हाक मारली.

"बघ रे, झंपरच पाहिजे होता."