मोंबासाची दवंडी

(कल्याण, १८९८. सेवानिवृत्त शाळामास्तर त्र्यंबकराव यांची ओसरी, सकाळ. समोर त्यांचा भाचा श्रीपाद. तो एका गोऱ्या लाकूडव्यापाऱ्याच्या वखारीत हेडकारकून आहे.)

श्रीपाद : "सर्व लोकांस कळावे की, वखारवाले साहेब आफ्रिका खंडी, मोंबासाच्या पलीकडे, सिंहाच्या शिकारीस जात असून सोबत येथील एक हाकेकरी नेणार आहेत. काम माहुलीच्या रानात करतात तेच. जिवास धोका नाही. येणारा आपल्या राजीखुशीने येत आहे." झालं, मामा. आंबिवलीपासून मोहन्यापर्यंत हीच दवंडी फिरली. यात आक्षेप घेण्याजोगं काय आहे?

त्र्यंबकराव : भाषेत काही नाही. भाषा मीच तुला शिकवली, तेव्हा तो दोष माझ्याकडे. आता मजकूर पाहू. तुला घाई नाही ना?

श्रीपाद : आहे. रंगूबाई मोहन्याहून निघाली असेल. तिच्या मुलाला, गुणाजीला न्यायचं ठरलंय, पण ती म्हणते, मास्तरांनी तोंडाने सांगितलं की धोका नाही, तरच पाठवीन. तुम्ही एवढं एक वाक्य बोला. अमावास्या उलटली की आगबोट सुटते.

त्र्यंबकराव : म्हणजे डफ वाजवून सांगितलेलं तिला पटलं नाही, आणि माझं न वाजवता पटेल. या विश्वासाची किंमत मला माहीत आहे, म्हणून विचारतो. तयारी काय केली आहे?

श्रीपाद : सगळी मी स्वतः पाहिली. मोंबासाला उतरायचं. तिथे हमाल मिळतात. गाठोडी डोक्यावर घेऊन एकामागे एक चालतात. दुभाष्या झांजिबारचा आहे. कच्छी व्यापाऱ्याच्या पेढीवर वाढला, म्हणून हिंदुस्थानी बोलतो. तंबू मुंबईहून. कातडी टिकवायला तुरटी आणि मीठ. मीठ मात्र आपल्याकडच्या आगरांतलं, ते मी आग्रहाने घेतलं. साहेबांना सिंह हवाय. त्यांच्या पाहुण्यांना जिराफ.

त्र्यंबकराव : जिराफ कशासाठी?

श्रीपाद : विलायतेला दिवाणखान्यात ठेवायला.

त्र्यंबकराव : म्हणजे आधी छप्पर काढावं लागेल.

श्रीपाद : फक्त डोकं आणि मान, मामा.

त्र्यंबकराव : छप्पर त्याच दोन अवयवांसाठी काढायचं आहे. पुढे.

श्रीपाद : मचाणाच्या बाजा सुताराकडून करवून घेतल्या. सागाच्या. सुंभाचे दोर वेगळे, आणि चढायला दोन शिड्या. माहुलीला नेतो तशाच.

त्र्यंबकराव : कोणत्या झाडावर बांधणार?

श्रीपाद : तिथे जे असेल त्या.

त्र्यंबकराव : श्रीपाद, ते साग-ऐनाचं रान नव्हे. मी तो मुलूख पाहिलेला नाही. पाहून आलेल्यांचे ग्रंथ वाचले आहेत. त्यांपैकी दोन तुझ्या साहेबांनीच इथल्या ग्रंथालयाला देणगी म्हणून दिले. त्यांची जोडलेली पानं मला सुरीने सोडवावी लागली, यावरून साहेबांच्या औदार्याचा आणि वाचनाचा अंदाज येतो. तिथे नजर पोचेल तिथवर गवत आहे. मधूनच एखादी बाभळ, छत्री उघडून ठेवल्यासारखी पसरट, बोटभर काट्यांची. तिच्यावर बाज बांधायला जो चढेल, तो उतरताना कातडीचा बराच भाग वरच ठेवून येईल. तुरटी थोडी जास्त घे.

श्रीपाद : पाहुणे तसंच म्हणाले.

त्र्यंबकराव : काय म्हणाले?

श्रीपाद : ते मागच्या साली तिथे जाऊन आलेत. बाजा पाहिल्या आणि हसायला लागले. म्हणाले, या आपल्या बगिच्यात ठेवा. मग साहेबांनी बेत बदलला. सिंह दिवसा उंच गवतात पडून राहतो. तिकडचे हमाल डबे वाजवत त्याला एका अंगाने उठवणार. दुसऱ्या अंगाला काट्यांचं कुंपण घालून साहेब आणि पाहुणे आत बसणार.

त्र्यंबकराव : जमिनीवर?

श्रीपाद : जमिनीवरच. कुंपण पुरुषभर उंच असतं.

त्र्यंबकराव : पाहुणे हसले ते दवंडीच्या आधी, की नंतर?

श्रीपाद : त्याचा इथे काय संबंध?

त्र्यंबकराव : शाळेत तू तारखा पाठ करायला कंटाळायचास. आता तरी सांग.

श्रीपाद : आधी.

त्र्यंबकराव : ठीक. आता दुसरं वाक्य. "काम माहुलीच्या रानात करतात तेच." माहुलीत गुणाजी काय करतो? मी कधी शिकारीला गेलो नाही. मला समजेल असं सांग.

श्रीपाद : तो हाका घालणाऱ्यांत नसतो. हाक्याच्या बाजूला, एका झाडावर, गप्प बसून असतो. गलका ऐकून वाघ सरळ मचाणाकडे जात नाही, कडेने निसटू पाहतो. तो गुणाजीच्या बाजूला वळला, की गुणाजी कोयत्याच्या मुठीने खोडावर हळूच टकटक करतो. वाघाला वाटतं, इकडेही कोणी आहे. तो परत फिरतो आणि साहेबांच्या समोर जातो. जोरात ठोकलं तर बिथरतो; हात हलका लागतो. गुणाजीचा आहे.

त्र्यंबकराव : सुंदर सांगितलंस. आता यातून झाड काढून घे.

श्रीपाद : म्हणजे?

त्र्यंबकराव : पाहुण्यांनी काढलं आहेच, तूही काढ. बसायला फांदी नाही, ठोकायला खोड नाही. कडेने निसटणारं जनावर त्याच बाजूने येणार आहे. गुणाजी कुठे आहे?

श्रीपाद : तिथे वारुळं असतात, मामा. आपल्यासारखी लहान नव्हेत, चांगली पुरुषभर उंच. साहेब म्हणाले, तो वारुळावर उभा राहील आणि हातातला डबा वाजवील.

त्र्यंबकराव : म्हणजे गवतात तो सिंहाला दिसला नसता, ती अडचण दूर केली.

श्रीपाद : तुम्ही प्रत्येक गोष्टीला वाकडं वळण देता. सिंहही वळेल. वाघ वळतो तर सिंह का नाही?

त्र्यंबकराव : वळेलही. माहुलीचा वाघ वळला नसता, तर काय झालं असतं?

श्रीपाद : झाडाखालून निघून गेला असता.

त्र्यंबकराव : आणि हा?

श्रीपाद : साहेबांच्या हातात बंदूक असणार आहे.

त्र्यंबकराव : काट्यांच्या आत. आणि कुंपणाच्या ज्या बाजूला बंदुकीच्या नळीपुरतं भोक ठेवलंय, फक्त त्या बाजूला. तेव्हा "तेच काम" हे शब्द खरे आहेत, फक्त त्यातला जीव वाचवणारा भाग मुंबईच्या धक्क्यावरही पोचत नाही. आता तिसरं. "जिवास धोका नाही." कोणाच्या? वाक्याला धनी नाही. साहेबांच्या जिवास नाही, हे मी मान्य करतो.

श्रीपाद : धोका कुठे नाही? माहुलीत नाही का? मोहन्याच्या नदीत दर पावसाळ्यात कोणी ना कोणी वाहून जातंच.

त्र्यंबकराव : बरोबर. मग दवंडीत तसं घालायचं होतं. "जिवास धोका येथे आहे, तेथे जास्त आहे." वाक्य लहान आहे, डफालाही बसतं.

श्रीपाद : मग कोण आलं असतं?

त्र्यंबकराव : हे उत्तर तू तिसऱ्या वाक्यावर दिलंस, पण ते चौथ्याला लागू पडतं. राजीखुशी. गुणाजी राजी आहे हे मला ठाऊक आहे. तो कशाला राजी आहे? झाडावर बसायला. वारुळावर उभं राहण्याची राजीखुशी त्याच्याकडे कोणी मागितली?

श्रीपाद : तिथे गेल्यावर सांगणारच आहेत.

त्र्यंबकराव : समुद्र ओलांडून झाल्यावर. परत यायला तेव्हा त्याच्याकडे काय असणार? बरं, तू जातोयस ना बरोबर? सगळी तयारी तुझी, साहेबांची भाषा तुला येते.

श्रीपाद : मी कसा जाणार? सरोजच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. बाप समुद्रपार जाऊन आला म्हटल्यावर वरपक्ष दारात उभा करणार नाही. प्रायश्चित्त घेतलं तरी पंगतीला कुजबूज होणार. तुम्हाला हे माहीत नाही का?

त्र्यंबकराव : माहीत आहे. मी फक्त पाहत होतो, धर्म समुद्रात कोणाचा बुडतो आणि कोणाचा तरंगतो. गुणाजीलाही जात आहे, सोयरे आहेत, पंगत आहे. त्याच्या पंगतीचं तू साहेबांना काही बोललास?

श्रीपाद : त्या लोकांत इतकं कडक नसतं.

त्र्यंबकराव : विचारून पाहिलंस?

श्रीपाद : नाही.

त्र्यंबकराव : नाही. जे विचारलं नाही ते तुला नेहमी नक्की माहीत असतं.

श्रीपाद : मामा, मी साधी गोष्ट मागायला आलो होतो. साहेब परत आले की ठाण्याच्या नव्या वखारीचा कारभार मला देणार आहेत. त्यांनी एकच काम सांगितलं, माणूस मिळव. मी मिळवला. आता तो एका बाईच्या हट्टापायी राहिला, तर मी तोंड कसं दाखवू?

त्र्यंबकराव : हे आज पहिलंच वाक्य, ज्याला धनी आहे. धन्यवाद. आता एक शंका राहिली. माहुलीत खोड ठोकणारा गुणाजी एकटा नाही. मारुती आहे. परशुराम आहे. पोपट तर गुणाजीच्याही आधीपासून जातो. तू गुणाजीचंच नाव का सुचवलंस?

श्रीपाद : सांगितलं ना, हात हलका आहे.

त्र्यंबकराव : डबा बडवायला?

श्रीपाद : ... कोणी आलं वाटतं.

त्र्यंबकराव : ती रंगूबाई. या, रंगूबाई. वर या, बसा. ऊन लागलं असेल.

रंगूबाई : हितंच बरी हाय मी, मास्तर, पायरीवर. भाऊसायेबबी हायत का? बरां झालां. दोघांच्या म्होरं बोलनां होईल.

त्र्यंबकराव : गुणाजी काय म्हणतो?

रंगूबाई : त्याचा काय, खुशीत हाय. दोन दिस कोयत्याला धार लावतोय. गावभर सांगत सुटलाय, आगबोटीत बसनार, सिंव बघनार. शेजारच्या बायजानं त्याला इचारलां, सिंव केवढा असतो, तर म्हनतो, आपल्या बैलाएवढा, पन शिंगा नाय. म्हनजे बरा, म्हनतो, शिंगा नायत. मना हसू आलां आनि मंग झोप नाय आली. मास्तर, मना वाचता येत नाय. डफवाला पैशे घेऊन वराडतो. तुमी सांगाल ता खरां. धोका हाय का नाय?

त्र्यंबकराव : उत्तर आहे, पण ते मी दिलं तर माझं मत होईल, आणि माझ्या मतावर तुम्ही मुलगा पाठवावा किंवा ठेवावा, हे मला नको. ज्यांनी दवंडी घातली ते समोर आहेत. श्रीपाद, मघाशी मला सांगितलंस ते यांना सांग. झाडापासून सुरुवात कर.

श्रीपाद : मामा, हे बरं नाही.

त्र्यंबकराव : मी आत जाऊ का? मी नसताना तुला सोपं जाणार असेल, तर जातो.

श्रीपाद : नको. बसा. ... रंगूबाई, तिकडे झाडं नाहीत.

रंगूबाई : झाडां नाय? मंग रान कसला?

श्रीपाद : गवताचं.

रंगूबाई : मंग गुणाजी बसल कुठं?

श्रीपाद : बसणार नाही. उभा राहील.

रंगूबाई : गवतात?

श्रीपाद : वारुळावर. मोठं असतं वारूळ.

रंगूबाई : सिंव त्याच्याच अंगाला येनार ना? म्हंजे हितं वाघ येतो तसा?

श्रीपाद : हो. आला तर वळवायचा.

रंगूबाई : आनि सायेब?

श्रीपाद : साहेब कुंपणाच्या आत.

रंगूबाई : बरां. ... पानी द्या मास्तर, वाईच.

त्र्यंबकराव : घ्या. सावकाश.

रंगूबाई : गुणाजी जानार नाय, भाऊसायेब. सायबांना तसां सांगा. पोर चार दिस माझ्याशी बोलनार नाय, ता मी बघून घेईन. आगबोट काय, भाऊच्या धक्क्यावर नेऊन दाखवीन लांबून.

श्रीपाद : आता साहेबांना काय सांगू मी?

रंगूबाई : जा झालां ताच सांगा. आय नाय म्हनाली. ... मी उठते. पन जाताना येक इचारू? रागानं नाय इचारत. गावात हाकेकरी लय हायत. तुमी माझाच पोर का काढलात?

श्रीपाद : त्याचा हात हलका आहे म्हणून.

त्र्यंबकराव : ते मला सांगून झालं, श्रीपाद. ही त्याची आई आहे. तिने रागाने विचारलेलं नाही.

रंगूबाई : ऱ्हाऊं द्या मास्तर, नसंल सांगायचां तर.

श्रीपाद : सांगतो. मारुतीला भाऊ आहेत, ते वखारीवर चालून आले असते. पोपटचा सासरा पाटील आहे, तो मामलेदाराकडे गेला असता. परशुरामाच्या भावकीत माणसं पुष्कळ. तुमच्या घरात दुसरा पुरुष नाही. रंगूबाई, तो परत आला नाही, तर विचारायला कोणी येणार नाही, असं मला वाटलं.